घरजावयाचा थोरला भाऊ

वालूर, ता. सेलू
२ फेब्रुवारी २०२६

चिरंजीव बन्सी,

पासष्टाव्या वर्षी तुला चिरंजीव लिहितो आहे म्हणून हसू नकोस. थोरला भाऊ जिवंत आहे तोवर तुझी यातून सुटका नाही.

माझे कान आता नावालाच उरले आहेत. परवा सूनबाई सविताने तुझा फोन माझ्या कानाला लावला. तू काय म्हणालास ते मला कळले नाही आणि मी काय म्हणालो ते साऱ्या गल्लीला कळले. मग म्हणाली, "बाबा, तुमी आपलं पत्रच लिव्हा." तीस वर्षे शाळेत पत्रलेखन शिकवले, ते आता कामाला येते आहे.

रुख्मिणी गेली त्याला तीन महिने झाले. दहाव्याला मला येता आले नाही. दमा उसळला होता, तसे तेव्हा कळवले होतेच. आता मुद्द्याचे लिहितो. तू घरी ये. पाहुणा म्हणून दोन दिवस नव्हे, कायमचा. आपल्या पोराने, माऊलीने, पुढची खोली रंगवून घेतली आहे, खिडकीला जाळीही बसवली. तुझी शिवकन्या नांदेडला नोकरीत सुखी आहे. मग पेडगावात तुझे राहिले कोण?

मी मास्तर माणूस, मला शब्दाचा हिशोब लागतो. जावई म्हणजे लेकीचा नवरा. सासरे योगीराज जाऊन पंधरा वर्षे झाली, आता बायकोही गेली. ज्या माणसांमुळे तू जावई होतास, ती गेली. मग आता तू कोणाचा जावई? आधीच तुझ्या नावामागे 'घर' लागलेले. एकेचाळीस वर्षे मी ते ऐकून घेतले. निदान म्हातारपणी तरी तो शब्द अंगावरून उतरव आणि बापाच्या घरी ये.

राहता राहिल्या तुझ्या सासूबाई धुरपताबाई. त्यांचा पुतण्या बजरंग भिंतीला भिंत लावून राहतो. तो बघेल त्यांच्याकडे. ते त्याचे कर्तव्यच आहे.

कधी येतोस ते कळव. माऊली जीप घेऊन येईल.

तुझा,
दादा

---

पेडगाव, ता. परभणी
१९ फेब्रुवारी

ती. स्व. दादा,

इथूनच पाया पडतो. कान सोडून बाकी सगळं जाग्यावर असेल अशी आशा आहे.

तुमचं पत्र आलं तेव्हा मी पीठ मळत होतो. हे वाचून तुम्ही कपाळाला हात लावणार, म्हणून आधीच सांगून टाकतो. मामींचं मनगट आता चालत नाही. (सासूबाईंना मी पहिल्यापासून मामी म्हणतो, तुम्हाला ठाऊक आहे.) पीठ मी मळतो आणि भाकरी त्या थापतात. शहाऐंशी वर्षांच्या बाईची भाकरी अजून टम्म फुगते. माझी एकदाही फुगली नाही. शेवटी त्यांनी ठरवून दिलं, "पाव्हणं, तुमी पिठापतूरच ऱ्हावा."

होय, एकेचाळीस वर्षांनंतरही मी पाव्हणंच आहे. माझ्यासमोर त्या आजही डोक्यावर पदर घेतल्याशिवाय येत नाहीत आणि माझं ताट वाढल्याशिवाय स्वतः जेवत नाहीत. आम्ही दोघंच उरलो आहोत घरात. जेवताना रुख्मिणीचं नाव दोघंही काढत नाही. मग कधीतरी एकदम त्याच काढतात, मग भाजी निवते, मग मी ती पुन्हा गरम करतो.

तुम्ही विचारता, मी कोणाचा जावई. दादा, पेडगावात हा प्रश्न अजून कोणाला पडलेला नाही. तुम्हीच पहिले.

इथली एक रीत तुम्हाला कधी सांगितली नव्हती, कारण तुम्ही कधी विचारलं नव्हतं. सरकारी मोजणी होऊन गेली तरी शेजाऱ्या-शेजाऱ्यांत बांधावरून हातभर जागेचं भांडण उरतंच. मग जुन्या दगडापासून जुन्या दगडापर्यंत दोर ताणतात. दोराचं एक टोक गावातल्या म्हाताऱ्याच्या हातात असतं. दुसरं टोक अशा माणसाच्या हातात द्यायचं, ज्याची गावात भावकी नाही. चुलता नाही, चुलतभाऊ नाही, कोणाच्या बाजूने झुकायचं कारणच नाही. असा माणूस गावात एकच निघतो, घरजावई. सासरेबुवांनी माझ्या हातात पहिल्यांदा दोर दिला तेव्हा मी सत्तावीस वर्षांचा होतो. भांडण होतं आश्रुबाचं आणि आमच्याच बजरंगच्या वडिलांचं. म्हणजे माझ्या चुलतसासऱ्याचं. दोर ताणला, तर बांध चुलतसासऱ्यानेच सरकवलेला निघाला. मी दोर सैल सोडला नाही. ते दोन वर्षं आमच्या ओट्यावर चढले नाहीत. सासरेबुवा भर चावडीवर म्हणाले, "जावाई माझे हाएत. दोर कुणाच्या बापाचा न्हाई."

तेव्हापासून दादा, ज्या बांधाला माझ्या हातचा दोर लागला, तो पुन्हा सरकला नाही. एकही नाही. हे मी छाती फुगवून लिहितो आहे, तुम्हाला दिसत नसलं तरी.

खोली रंगवली त्याबद्दल माऊलीला शाबासकी सांगा. पण तीत हरभरा भरा. मी येत नाही.

आपला,
बन्सी

---

वालूर
८ मार्च

चिरंजीव बन्सी,

तुझे पत्र दोनदा वाचले. पीठ मळण्याची गोष्ट मी सोडून देतो. दोराबद्दल लिहितो.

मी कोश काढून पाहिला. चार शब्दांत अर्थ दिला आहे: सासऱ्याच्या घरी राहणारा जावई. बाकी काही नाही. चावडी नाही, बांध नाही, दोर नाही. सासरा गेला की घर सासऱ्याचे उरत नाही, म्हणजे शब्दही उरत नाही. आणि लोक हा शब्द कसा वापरतात ते कोशाबाहेर जाऊन पाहा. ज्याला कोणी काम सांगत नाही, ज्याला घरात मत नाही आणि ज्याच्या लेकराला शाळेत चिडवतात, तो घरजावई. मी वर्गात मुलांना हे चिडवताना ऐकले आहे. दोघांना छडी मारली होती. का मारली ते त्यांना कळले नसेल.

दोर धरतोस याचा तुला अभिमान वाटतो. बन्सी, दोर खुंटीलाही बांधता येतो. तुला भावकी नाही म्हणून ते तुला पुढे करतात. त्यात मान कसला? भावकी नसणे ही उणीव आहे. तुला भावकी आहे, ती वालूरला आहे, आणि ती तुझी वाट पाहते आहे.

इथे लोक विचारतात, धाकटे बंधू कुठे असतात. मी "परभणीकडे असतात" असे सांगतो. पुढे विचारले तर विषय बदलतो. सत्तराव्या वर्षीही मला हे करावे लागते. थोडा माझाही विचार कर.

दादा

---

पेडगाव
५ एप्रिल

दादा,

तुमचं पत्र आल्यावर महिनाभर लिहिलं नाही. रागात लिहायचं नव्हतं. महिना गेला, राग गेला नाही, तेव्हा म्हटलं आता लिहावंच.

मला खुंटी म्हणालात. म्हणा. पण खुंटी कोणी रोवली हे आज लिहून ठेवतो. हे मी आजवर बोललो नाही, कारण तुम्ही थोरले.

योगीराजांचा पहिला निरोप माझ्यासाठी नव्हता. तुमच्यासाठी होता. आपल्या बापूंनी मित्राला शब्द दिला होता की तुमच्या एकुलत्या एका लेकीला माझा मुलगा देतो. तुम्हाला नुकतीच नोकरी लागली होती. घरजावई व्हायचं ऐकल्यावर तुम्ही ताटावरून उठलात आणि म्हणालात, "मी काय बाजारात उभा केलेला बैल आहे?" त्या दिवशी बापूंनी पान लावलं आणि ते हातातच राहिलं. मी उंबऱ्यात उभा होतो. मी म्हणालो, "बापू, मी जातो."

मी जमिनीसाठी गेलो नाही, दादा. आपल्या बापाला मित्रासमोर मान खाली घालावी लागू नये म्हणून गेलो. रुख्मिणीला मी तोवर पाहिलंही नव्हतं. नंतर पाहिलं आणि वाटलं, दादा फारच शहाणे निघाले, आपलं नशीब आपल्याला देऊन टाकलं.

तुम्ही लग्नाला आला नाहीत. शाळेची तपासणी होती म्हणालात. सुट्टीत कसली तपासणी, हे बापूंनी विचारलं नाही आणि मीही विचारलं नाही. तेव्हापासून मी दर सणाला वालूरला आलो. तुम्ही एकदाही पेडगावात पाय ठेवला नाही.

आता लोक काय म्हणतात ते सांगतो, कारण तुम्ही फक्त वालूरचे लोक ऐकले आहेत. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी आडावर एक बाई रुख्मिणीला म्हणाली, "आली बघा घरजावयाची बायकू." रुख्मिणीने घागर खाली ठेवली आणि म्हणाली, "व्हय. माझ्यासाठी माणूस गाव सोडून आलंय. तुझ्यासाठी कुणी शेजारची गल्ली तरी सोडली का?" त्या दिवसापासून आडावर तो शब्द कोणी वाकडा उच्चारला नाही. मी हे नंतर दुसऱ्यांच्या तोंडून ऐकलं. ती स्वतः कधी बोलली नाही.

तुमच्या कोशात चार शब्द असतील. ते लिहिणारे बहुतेक पेडगावला आले नव्हते. तुमच्यासारखेच.

बन्सी

---

पेडगाव
६ मे

ती. स्व. दादा,

पत्राचं उत्तर नाही. माऊलीला फोन केला, तर तो म्हणाला, बाबा पत्र वाचून ओट्यावर बसले, जेवायला हाक मारली तर ऐकू आली नाही म्हणाले. म्हणजे कानांचा तुम्हाला उपयोगही होतो आहे. माझ्या शब्दांनी लागलं असेल तर माफ करा. जे लिहिलं ते खरं आहे, पण धाकट्याने थोरल्याला असं लिहू नये, हेही खरं आहे.

आता एक मागणं आहे. आयुष्यात तुमच्याकडे पहिल्यांदाच काही मागतो आहे.

१७ तारखेपासून धोंड्याचा महिना लागतो. दर तीन वर्षांनी मामी आम्हा दोघांना पाटावर बसवायच्या, ओवाळायच्या, तेहतीस अनारशांचं वाण द्यायच्या. चाळीस वर्षांत एकदाही चुकलं नाही. यंदा मी गप्प होतो. विधुराला धोंडा देत नाहीत हे मलाही ठाऊक आहे. पण परवा पाहिलं तर मामींनी तांदूळ भिजत घातलेले. बजरंग आला आणि म्हणाला, "काकू, जोडी न्हाई, मंग धोंडा कसा? अक्का गेली. नातंच न्हाई ऱ्हायलं." तो वाईट मनाने म्हणाला नाही, रीत सांगत होता.

मामी उठल्या. आधी पदर घेतला, मग म्हणाल्या, "लेक माझी गेली. जावाई कुठं गेलेत? ह्ये काय, उभे हाएत."

मग चार म्हातारे बसले. मामींचं म्हणणं, नातं आहे. बजरंगचं म्हणणं, जोडीचा पाट रिकामा ठेवून वाण देता येत नाही. दोघांचंही खरं. शेवटी म्हाताऱ्यांनी तोड काढली: दुसऱ्या पाटावर जावयाच्या घरचं वडीलधारं माणूस बसवायचं. ज्या घराने जावई दिला ते घर 'हा आमचा माणूस, आम्ही तुम्हाला दिला आहे आणि अजून दिलेलाच आहे' असं सांगायला हजर असेल, तर नातं उभं आहे. मग त्यांनी मला विचारलं, "जावाई, तुमच्या घरचं कुणी येईल का?"

दादा, मी या गावात कितीतरी बांधांवर ताठ उभा राहिलो आहे. त्या वेळी मी खाली बघितलं. बापूंखेरीज एकेचाळीस वर्षांत माझ्या घरचं कोणी आलेलं नाही, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. कोणी बोललं नाही, एवढाच त्यांचा मोठेपणा.

दिवस ठरला आहे रविवार, ३१ मे. तुम्ही आलात तर धोंडा होईल. नाही आलात तर मामी तांदूळ वाळवून ठेवतील आणि मी गावाच्या लेखी रुख्मिणीबरोबरच संपलो असं होईल. पुढचा महिना तीन वर्षांनी. मामींना एकोणनव्वदावं लागेल तेव्हा.

तुमची वाट पाहणारा,
बन्सी

---

वालूर
१४ मे

चि. बन्सी,

पत्र मिळाले. गुडघा सुजला आहे. ऊनही फार आहे. येणे जमणार नाही. माऊलीला पाठवले असते, पण तो वडीलधारा नव्हे.

धुरपताबाईंना माझा नमस्कार सांग.

दादा

---

पेडगाव
३ जून

ती. स्व. दादा,

पाया पडतो, आणि या वेळी पाय कसे दिसतात ते डोळ्यांसमोर आहे. डाव्या चपलेचा अंगठा तुटलेला, गुडघा खरंच सुजलेला. मला वाटलं होतं, तोही शाळेच्या तपासणीसारखाच असेल.

तुमच्या नकाराचं पत्र मी मामींना वाचून दाखवलं नव्हतं. धीर झाला नाही. रविवारी सकाळी त्यांनी दोन पाट मांडले. रांगोळी शिवकन्येने काढली. ती नांदेडहून आदल्याच दिवशी आली होती. अकरा वाजले, साडेअकरा वाजले. बजरंग घड्याळ बघायचा आणि मी दुसरीकडे बघायचो. चार म्हातारे ओट्यावर सुपारी कातरत बसले. त्यांतले एक म्हणाले, "ऊन झालं, उरकून घ्या आता." उरकायचं म्हणजे काय, ते सगळ्यांना कळलं. मामी म्हणाल्या, "थांबा." एवढंच.

आणि मग गल्लीच्या तोंडाशी माणसं दिसली. दहा-बारा तरी असतील. पुढे आश्रुबाचा सिद्धोधन, खांद्यावर तुमची पिशवी. कोणीतरी तुमच्या डोक्यावर छत्री धरलेली. मधे तुम्ही, मे महिन्याच्या उन्हात काळा कोट घालून. दादा, निरोप समारंभाचा तो कोट मी ओळखला. मला आधी हसू आलं, मग डोळ्यांना काही दिसेना.

तुम्ही चपला काढल्यात आणि सरळ दुसऱ्या पाटावर जाऊन बसलात. पाट बाईमाणसाच्या बेताचा, तुम्ही त्यावर मावत नव्हतात. बजरंग स्वतः उठला, आतून मोठा पाट आणून त्याने तुमच्याखाली दिला. मामींनी आधी तुम्हाला ओवाळलं. मग वाण माझ्या हातात दिलं. तेहतीस अनारसे, सगळे त्यांनी एकटीने तळलेले. गावात कोणी म्हणालं नाही की हे रीतीला धरून नाही.

ओवाळून झाल्यावर मामी तुम्हाला काही म्हणाल्या आणि सगळे हसले. तुम्ही विचारलंत, "काय म्हणाल्या?" कोणी सांगेना. तुमच्या कानाशी ओरडून सांगण्यासारखं ते नव्हतं. आता लिहितो. त्या म्हणाल्या, "पहिला निरोप तुमाला धाडला हुता, मास्तर. तुमी न्हाई म्हणलात, म्हणून मला हे गावले. तुमचे लय उपकार हाएत."

दादा, रागावू नका. त्यांनी मनापासून आभारच मानले.

एक गोष्ट मात्र मला कळलेली नाही. तुम्ही घर शोधलंत कसं? आणि थांब्यापासून एवढी माणसं तुमच्यामागे कशी? सिद्धोधनला विचारलं तर तो नुसता हसतो आणि म्हणतो, "ते तुमच्या दादांनाच इचारा." थांब्यावरच्या त्याच्या हॉटेलात सगळ्यांना ठाऊक आहे आणि मला कोणी सांगत नाही. काय केलंत तुम्ही तिथे?

बन्सी

---

वालूर
९ जून

चिरंजीव बन्सी,

धुरपताबाई काय म्हणाल्या ते मला तेव्हाच कळले होते. शब्द ऐकू आले नाहीत, पण हेडमास्तरला समोरच्याच्या चेहऱ्यावरून उत्तर ओळखता येते. त्यांना सांग, उपकार मान्य. एवढा चांगला निर्णय माझ्या हातून पुन्हा झाला नाही.

आता मला एक कबूल करायचे आहे. रुख्मिणीच्या दहाव्याला दमा उसळला नव्हता. मी निघालो होतो. पाथरीहून परभणीच्या बसमध्ये बसलो. पेडगाव आले, बस थांबली, कंडक्टरने माझ्याकडे पाहिले. मी उठलो नाही. 'तुम्ही कोण' असे कोणी विचारले तर काय सांगायचे, याचे उत्तर तयार नव्हते. परभणीच्या स्टँडवर तासभर बसलो आणि त्याच रस्त्याने परत आलो. येतानाही बस पेडगावला थांबली. तेव्हाही मी उठलो नाही. तू तिथून एक मैलावर डोके मुंडून बसला होतास. हे माऊलीलाही माहीत नाही. माफी मागायला शब्द शोधतो आहे. सापडले की लिहीन.

या वेळी उतरलो. गुडघ्याचे पत्र लिहून झाल्यावर पंधरा दिवस मला अन्न गोड लागले नाही. तुझे ते वाक्य, 'मी खाली बघितलं', ते डोळ्यांपुढून जाईना. माझ्या भावाने मान खाली घातली आणि ती माझ्यामुळे. शनिवारी सविताला म्हणालो, कोट काढ.

थांब्यावर उतरलो आणि हॉटेलात बसलेल्यांना विचारले, "बन्सीधर गिराम कुठे राहतात?" सगळे एकमेकांकडे बघू लागले. मी तुझ्या पत्राचा लिफाफा पुढे केला. एकाने वाचला, दुसऱ्याने वाचला आणि मान हलवली. पोरेसोरे नव्हती, चाळिशी-पन्नाशीची माणसे होती ती. तुला खरे सांगतो, त्या क्षणी मला वाईट आनंद झाला. मनात म्हणालो, बघ, एकेचाळीस वर्षे राबलास आणि गावाला तुझे नावसुद्धा माहीत नाही. माझेच बरोबर होते.

पण ऊन डोक्यावर आले होते. अकरा वाजून गेले होते आणि मला पत्ता सांगणारे कोणी नव्हते. दुसरा कुठलाच शब्द कामाचा नव्हता. शेवटी म्हणालो, "मी तुमच्या गावच्या घरजावयाचा थोरला भाऊ."

बहिऱ्या माणसाला आपला आवाज किती मोठा आहे ते कळत नाही. मी म्हणे एवढ्या मोठ्याने बोललो की रस्त्यापलीकडच्या पंक्चरवाल्याने हातातले काम टाकले.

बन्सी, सगळे हॉटेल उठून उभे राहिले. बाकावरची माणसे, कढईपुढचा माणूस, सगळे. सिद्धोधनने गल्ला तसाच उघडा टाकला आणि येऊन माझ्या हातातली पिशवी घेतली. तो काय बोलत होता ते मला ऐकू येईना, तेव्हा त्याने वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर लिहून दाखवले: 'नाव म्हाईत नव्हतं. आमी जावाईच म्हणतो. माझ्या बापाचा बांध त्येंनी राखला.' खाली आणखी एक ओळ लिहिली: 'तुमी यायला लय उशीर केला.'

मी आजवर पुष्कळ सत्कार घेतले. शाली आहेत, नारळ आहेत, एक तांब्याचा तांब्याही आहे. माझ्या येण्याने अख्खे हॉटेल उभे राहिले, असे मात्र कधी झाले नाही. आणि ते माझ्यासाठी उभे नव्हते.

तेव्हा तुझ्या मास्तर भावाचे चुकले, हे लिहून ठेव. मी कोशात शब्दाचा अर्थ शोधत बसलो. तू एकेचाळीस वर्षे तो घडवत होतास. सासरा गेला म्हणून तो संपत नाही, बायको गेली म्हणूनही नाही. तुला खुंटी म्हणालो होतो. ते परत घेतो.

पुढच्या खोलीत हरभरा भरला आहे.

आता तुझ्या प्रश्नाचे राहिलेले उत्तर. त्या दिवशी मी ते वाक्य तीनदा बोललो. पहिल्यांदा हॉटेलात, नाइलाजाने. दुसऱ्यांदा गल्लीत एका म्हातारीने छत्रीखाली डोकावून कोण पाहुणे म्हणून हातवारे केले तेव्हा, विचारले म्हणून. संध्याकाळी तू मला पाथरीच्या बसमध्ये बसवलेस आणि खिडकीशी उभा राहिलास. शेजारी मानवतचे कोणी गृहस्थ होते. त्यांनी मला काहीही विचारले नव्हते. बस सुटायच्या आत मी तुझ्याकडे बोट केले आणि त्यांना मोठ्याने सांगितले, "ते उभे आहेत ना, ते पेडगावचे घरजावई. मी त्यांचा थोरला भाऊ."

तुझा,
दादा